आडवा धोंडा

पडदा ओढला, टाळ्या वाजल्या, आणि तानीचे हात तेवढे खाली राहिले.

अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीतली बाग. जानेवारीचं कोवळं ऊन, खुर्च्यांवर साहेबलोक नि त्यांच्या बायका. मधोमध सिमेंटचे सहा धोंडे गोल उभे केलेले, आणि त्या गोलात सातवा. काळा, खराखुरा. त्याच्या पोटावर खालपासून वरपर्यंत पांढरी शीर. आपल्या अंगावरचा तीळ माणूस ओळखतो तसा तानीनं तो ओळखला. धोंडा तिचा होता.

आणि तो उभा होता.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर त्याचं असं आहे. बदलापूरजवळच्या चामटोलीच्या वरच्या अंगाला, टेकाडावर तानीची वाडी. वाडीमागच्या माळावर धोंड्यांची रांग. ती कुणी सुरू केली, पणज्याच्या पणज्यालाही ठाऊक नाही. मेलेल्या प्रत्येकाचा तिथं एक धोंडा. पण तो मेल्यावर शोधत बसायचं नाही. हातपाय धड असताना ज्यानं त्यानं ओहोळातून आपला आपण निवडायचा आणि माळावर आणून आडवा टाकायचा. माणूस उभा तोवर धोंडा आडवा. माणूस आडवा झाला की वाडी जमते, बुडाशी मूठभर नवे तांदूळ घालते आणि धोंडा उभा करते. नाव नाही, गाव नाही, छिन्नी तर लावायचीच नाही.

तानीनं आणि तिच्या नवऱ्यानं, सख्यानं, आपापले धोंडे एकाच दिवशी ओढत आणले होते. "जरा रुंद बघ गो," सखा म्हणाला होता. "मेल्यावर बी तुजं तोंड चालूच ऱ्हानार. बारीक धोंडा तडकंल."

सखा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा धोंडा उभा, त्याच्या पायाशी तिचा आडवा. दुपारची कामं आवरली की ती आपल्या धोंड्यावर बसून सख्याला वाडीभरच्या थापा ऐकवायची. थापा मारण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिच्या गोष्टीत खेकडा म्हशीएवढा आणि म्हैस देवळाएवढी असायची.

कॉलनीत ती करवंदं, पळसाची पानं विकायला यायची. तिथं इंजिनिअर शरदचंद्रांची बायको वृंदाबाई भेटली. चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेली, लग्न होऊन कॉलनीत अडकलेली. हात शिवशिवायचे तिचे. बोलता बोलता धोंड्यांचा विषय निघाला आणि बाई दुसऱ्याच दिवशी वाडीवर हजर. माळावरच्या एकेका धोंड्यावरून तिनं हात फिरवला. मग तीन वर्षं ती येत राहिली. वीतवीतभर धोंडे करायला लागली, प्लास्टरचे. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका सिंधी साचेवाल्याकडून डझनांनी ओतून आणायची.

पहिला डझन बघून तानी पोट धरून हसली. "अगो बाय! हे धोंडे का चुन्याच्या डब्या?" मग तिनंच तव्याची काजळी तेलात खलून एकेकाला फासली. बाईच्या प्रदर्शनात म्हणे लोकांनी उचलून बघितलं, दगड एवढा हलका कसा म्हणून.

बाईच्या मांडीवर कायम वही. वही उघडली की तानीला जोर चढायचा.

"अमुशेला हे धोंडे उठत्यात. रांगेनं उल्हास नदीवर जात्यात, पानी प्यायला. माजी सासू मागनं गेली व्हती. एक व्हता लंगडा, त्याला दुसऱ्यानं खांद्यावर घेतला."

"खरंच, मावशी?"

"तर! बिस्कीट हाय का अजून?"

एकदाच तिनं वही मिटायला लावली होती. "हे लिवू नको. ह्यो आडवा, ह्यो माजा. मी जिती हाय तवर कोनी उभा करायचा नाय. केला तं मी मेली."

बाईनं तिचा हात हातात घेतला होता. "नाही गं मावशी. कोण करेल असं?"

पोरीच्या, बाळीच्या बाळंतपणाला तानी महिनाभर वांगणीला गेली होती. तिथं बाईचा निरोप आला, 'थेट कॉलनीत ये, गंमत आहे.' तानीनं बाईसाठी फडक्यात नवे तांदूळ बांधून घेतले आणि आली. ही ती गंमत.

बागेच्या कडेला तिचा धाकटा दीर भीमा पाण्याची नळी धरून उभा होता. अंगात कोरी खाकी.

"तू हितं काय करतोस रं?"

"माळी लागलो, वयनी. बायनं चिकटवला. परमनंट."

"धोंडा ट्रकात कोनी चढवला?"

भीमा नळीकडे बघायला लागला. "बाय बोलली, उभ्यांना हात नको लावू, पांढऱ्या शिरेचा आडवा तेवढा आन. आन वयनी... तू तं धडधाकट हायस की."

तेवढ्यात वृंदाबाई आली. नवी साडी, चेहरा फुललेला. "मावशी! आवडलं?"

"ह्यो माजा हाय."

"म्हणून तर! मधोमध तुलाच ठेवलंय. कायमची."

"मी तुला सांगितलं व्हतं, बाय."

बाईनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हसली. "अगं, तू काय कमी सांगितलंस? दगड चालतात, पाणी पितात, खांद्यावर बसतात. त्यातलं खरं कुठलं धरायचं मी?"

तानी गोलाच्या कडेला लावलेल्या पाटीकडे वळली.

शेजारी एक साहेब चष्मा लावून पाटी मोठ्यानं वाचत होते. "हे दगड अमावास्येला नदीवर पाणी पिण्यास जातात, अशी येथील आदिवासींची श्रद्धा आहे. वा!"

"आन आडव्याचं?" तानीनं विचारलं. "त्येचं काय लिवलंय?"

"त्याचं काहीच नाही लिहिलं," बाई म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना, लिहू नको."

"पाड त्याला खाली."

"कसा पाडू, मावशी? तीन फूट सिमेंट आहे खाली."

तानी गोलात शिरली. धोंड्याच्या बुडाशी बसली, फडक्याची गाठ सोडली आणि मूठभर तांदूळ सिमेंटच्या कडेनं घातले. ज्यांनी धोंडा उभा केला त्यांनी घातले नसणार, हे तिला माहीत होतं. राहिलेले तिनं परत बांधले.

"मावशी, एक मिनिट, तशीच बस!" बाईनं कॅमेरा डोळ्याला लावला.

पुढच्या खुर्चीवरच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "ये कौनसी पूजा है, अम्मा?"

"मयत हाय, बाय. माजंच," तानी म्हणाली. "बसा. जेवूनच जा सगळी."

सगळे हसले. वृंदाबाई सगळ्यात मोठ्यानं.

तानीनं तांदळाची गाठ बाईला दिली नाही. बदलापूरला उतरली, चालत टेकाड चढली, घरी न थांबता माळावर गेली. भीमाची बायको दारातून "वयनी, च्या घे" म्हणत राहिली.

सख्याचा धोंडा होता तसाच होता. त्याच्या पायाशी गवताची पिवळी पडलेली जागा, ओलसर, मुंग्यांनी भरलेली. धोंड्याच्या आकाराची. तानीनं पदरानं मुंग्या झटकल्या, गाठ उशाशी ठेवली आणि त्या जागेत आडवी झाली.

"आयकतोस?" ती सख्याला म्हणाली. "आंबरनाथला माजा धोंडा हाय. साहेब लोकांनी उभा केला, टाळ्या वाजवल्या. मी तितंच, समोर उभी."

तिनं गाठ डोक्याखाली सारखी केली.

"आयशप्पत. थाप नाय."

धोंड्यापेक्षा ती वीतभर लांब होती. पाय बाहेरच राहिले, उन्हात.