मोहाखाली कोण उभं आहे

साहेब, नाल्यावर पूल तुम्हाला बांधता आला नाही. पण पुलाचं काम करणारी चार झाडं मात्र तुम्ही एका सहीत पुसून टाकली. झाडं जागेवरच आहेत. पुसली ती शाळेतून.

धानोऱ्याकडच्या त्या गावात शाळा होती चौथीपर्यंत, दोन खोल्यांची. पुढं सातवी आली, तशी नाल्यापलीकडच्या, मासेमारांच्या ढिवरटोलीतली पोरंही येऊ लागली. पाणी चढलं की ती गावात अडकायची. तेव्हा शाळेतल्या बापूजी गुरुजींनी पोरांचे चार गट, म्हणजे हाऊस, केले आणि नाल्याकाठच्या चार झाडांची नावं त्यांना दिली. मोह, ऐन, बेहडा, टेंभुर्णी. प्रत्येकात दोन्ही काठांची पोरं. पूर आला की टोलीचं पोर आपल्या हाऊसमधल्या गावच्या सोबत्याकडं मुक्कामाला. आणि दिवस मावळायच्या आत त्या घरच्या बाईनं त्याला आपल्या झाडाखाली आणून उभं करायचं, म्हणजे टोलीच्या काठावरून आईला दिसेल. एवढंच. त्याला ना निधी लागला ना उद्घाटन.

टोलीतली गिरजा शाळेत असताना स्वतः मोहाची. पहिल्या पुरात गावातल्या सोबतिणीच्या आईच्या, सुगंधाबाईच्या घरी तिचं ताट वेगळं मांडलं होतं. तिसऱ्या पुरात सुगंधाबाई तिच्या वेण्या घालत होती.

शाळा वाढत दहावीला गेली. नव्या खोल्या खालच्या बांधीत, भाताच्या खोलगट शेतात बांधल्या, कारण तुमचा इंजिनिअर जागा पाहायला उन्हाळ्यात आला होता. मग यंदा तुमचा आदेश आला. हाऊस आता लाल, निळं, हिरवं, पिवळं. वाटणी हजेरीच्या क्रमानं. पूर आल्यास मुलं शाळेतच थांबतील. गिरजाची लेक उर्वशी, आईसारखीच मोहाची, ती निळ्यात गेली. टी-शर्ट छान होता, ते कबूल.

ऑगस्टात एका दुपारी गिरजा भाताचा रोवणा आटपून काठावर आली, तर नाला शेतात शिरलेला. समोर शाळेच्या नव्या खोल्यांच्या पायऱ्या पाण्यात. मोबाइलला रेंज नाही. तिनं सवयीनं मोहाकडं पाहिलं. मोहाखाली कोणीच नव्हतं.

"मी डोंगा टाकतो," तिचा नवरा भूपेश म्हणाला. जन्माचा मासेमार, त्यानं वल्हं उचललंही.

"टाका. मंग पोरीले शोधू का तुमाले?"

"तं काय नुसतं पाह्यत राहू?"

"पाह्यत राहू. दिवस हाय अजून."

शेजारचा मुखरू तंबाखू मळत होता. "वयनी, मोह गेला आता. पोरगी निळ्यात हाय. निळं झाड कुठी पाह्यता?"

गिरजानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचा हात थांबला.

ऐनाखाली एक छत्री आली. मग बेहड्याखाली दोन पोरं दिसली. टोलीतल्या दोन आया तिथंच रडल्या. मोह तसाच. खिडक्या बुडाल्या.

आणि मोहाच्या बुंध्यामागून सुगंधाबाई निघाली. कमरेत वाकलेली, आणि तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली उर्वशी तिच्या हाताला. पोरीनं ओला निळा टी-शर्ट डोक्यावर गरगर फिरवला.

गिरजा चिखलातच बसली. भूपेश हसत होता आणि नाक पुसत होता.

"घ्या," मुखरू म्हणाला, "सापडलं निळं झाड."

सकाळी पाणी उतरलं तशी गिरजा गावात पोचली. लेकीला पोटाशी धरून तिनं विचारलं, "काऊन उशीर केला बाई? जीव गेला होता माहा."

"तो नवा सर सोडे ना. यादीत तुमचं नाव नाई म्हणे, तुम्ही कोण? म्हटलं, मी मोह हाऊस. तेवढ्यात त्याच्या बुटात पाणी गेलं. मंग म्हणे, न्या, साऱ्यायले न्या."

"आन् सर कुठी गेले?"

सुगंधाबाईनं पडवीकडं हात केला. सर तिच्या नवऱ्याची लुंगी नेसून भात खात होते.

"त्याइले बी मोहातच घेतलं," ती म्हणाली. "जातीन कुठी बिचारे."

गिरजा हसली, रात्रभर धरून ठेवलेलं सगळं सोडून हसली. सरांनी मान वर केली नाही, पण भात आणखी मागितला.

साहेब, त्या दिवशी टोलीचं एकही पोर शाळेत थांबलं नाही, म्हणून आज सगळी हजेरी देताहेत. तुमचा आदेश अजून भिंतीवर आहे. पुढचा ऑगस्टही येणारच आहे. तेव्हा तुमचं निळं हाऊस गिरजाला कोणत्या झाडाखाली दिसणार? उत्तर द्या.