मापाची गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, पण मला चाकं नाहीत. इंजिन नाही, दिवे नाहीत, दारंसुद्धा नाहीत. लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, त्यावर शेजारी शेजारी दोन सीट, एक स्टिअरिंग, खाली तीन पेडलं आणि समोर काचेची चौकट, तीही बिनकाचेची. झालं, संपले मी. जन्मल्यापासून स्वतःहून वीतभरही पुढे सरकलेले नाही. तरी दमले आहे हो. जागच्या जागी बसून कोणी दमतं का, असं तुम्हाला वाटेल. दिवसभर आल्यागेल्याला ‘या, बसा’ म्हणत राहिलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल.

मी राहते त्या कारखान्यात जुन्या काळच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या हुबेहूब नकला बनतात. ज्या गाड्या आता कुठेच तयार होत नाहीत, त्या इथे नव्याने घडवून मिळतात. पत्र्याचं लांबलचक छप्पर, एका बाजूला वेल्डिंग, दुसऱ्या बाजूला रंगकाम, आणि मधे तेव्हा मी. भिंतीवर निरनिराळी स्टिअरिंगं टांगलेली. एका आकड्यात चामड्याचे तुकडे ओवलेले, काळे, तपकिरी, सायीच्या रंगाचे. रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या फळीवर उभ्या. गिऱ्हाइकाने यायचं, माझ्यात बसायचं आणि एकेक गोष्ट निवडायची. रंग कोणता, चामडं कोणतं, आरसे गोल की लांबट, वर कापडी टप हवा की नको.

आणि माप द्यायचं. त्यासाठीच तर मी. या गाड्यांची एक खोड आहे. मूळ गाडीत ड्रायव्हरची सीट मागेपुढे सरकत नसे, म्हणून नकलेतही ती सरकत नाही. एकदा बोल्ट आवळले की आवळले. मग ती कोणाच्या पायांच्या मापाने बसवायची, हे आधीच ठरवावं लागतं. माझ्या सीटखाली मात्र खाचा पाडलेली एक पट्टी आहे आणि एक लोखंडी खुंटी. फिटरकाका खुंटी काढतात, सीट सरकवतात, खुंटी दुसऱ्या खाचेत घालतात आणि विचारतात, पाय पोचतो का? माझ्या आयुष्यात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो मला झोपेतही ऐकू येतो.

फिटरकाकांनीच मला उरल्यासुरल्या नळ्यांतून जोडलं. त्या वेळी माझा काय तोरा होता! मालक कोणालाही आधी माझ्याकडे आणत. ‘अगोदर हिच्यात बसा, मग बोला,’ असं म्हणत आणि माझ्या स्टिअरिंगवर थाप मारत. माझ्यामुळे गाड्या अंगाला बसतात, ही गोष्ट चार गावांत पसरली होती. मलाही वाटायचं, आपल्यावाचून या कारखान्याचं पान हलत नाही.

पण मित्रांनो, निवडणारी माणसं फार दमवतात. एक गृहस्थ माझ्यात बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत, आणि वळण घेताना खरंच कलंडत. एका डॉक्टरांनी चामड्याचे सगळे तुकडे माझ्या मांडीवर पसरले, प्रत्येकाचा वास घेतला आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून निघून गेले. घरच्यांना काळं हवं होतं, पण डॉक्टर पुढच्या खेपेला तपकिरी ठरवून आले, त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा काळं. फिटरकाकांच्या नाकी नऊ आले. मी मुकाट्याने सोसलं. पण एक गोष्ट मला नेहमी टोचायची. जो तो आपल्या हातातल्या स्टिअरिंगमध्ये गुंग. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं काय, हे कोणी विचारायचं नाही. आणि जो सीटवर नाहीच, उभा आहे, त्याचं तर नावच नको.

असं सगळं चाललं असताना एकदा दोन भाऊ आले. थोरला उंच, लांब टांगांचा. धाकटा बुटका आणि गोलमटोल. दोघांना घेऊन आली त्यांची मोठी बहीण. तीच गाडी चालवत आली होती, कारण दोघं एकमेकांच्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हते. वडील गेल्यावर घरातल्या वाटणीवरून काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. ताईने मालकांना बाजूला घेऊन सांगितलं की ही कल्पना तिची. वडिलांकडे एक लाल दोन सीटची गाडी होती, ती पुढे अडचणीत विकली. तशीच गाडी तिघांत मिळून करायची. ‘ही झाली तर रविवारी तरी दोघं एका जागी येतील,’ ती म्हणाली. ‘नाही झाली तर मग मला दुसरं काही सुचत नाही.’

मालकांनी मान हलवली. मीही हलवली असती, पण मला मान नाही.

तुम्हाला काय सांगू, ती निवडानिवड! दोघं माझ्या दोन सीटवर बसलेले, खांद्याला खांदा लागलेला, आणि बोलणं सगळं फिटरकाकांमार्फत. थोरला म्हणायचा, यांना सांगा, हॉर्न दुहेरी आवाजाचा होता. धाकटा म्हणायचा, यांना विचारा, यांचे कान तेव्हा कुठे होते. फिटरकाका बिचारे दोघांच्या समोर मधोमध उभे राहून निरोप पोचवत होते, तेही हातभर अंतरावर. टपावरून झालं, आरशांवरून झालं. रंगावर तर फारच पेटलं. थोरल्याने भडक लाल पाटी उचलली, धाकट्याने विटकरीकडे झुकणारी. दोघंही शपथेवर सांगायला तयार.

शेवटी ताईने धाकट्याची पाटी घेतली आणि छपराबाहेर उन्हात नेली. उन्हात ती चांगली भडक दिसली. आत आणली, तर पुन्हा विटकरी. ‘दोघांचंही बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘दर रविवारी मीच धुवायचे ना ती गाडी.’ थोरल्याने हातातली पाटी गुपचूप फळीवर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला.

बाकीचंही असंच एकेक मार्गी लागलं. जिथे अडेल तिथे ताई. मागचं झाकण कसं उघडायचं, नंबराची पाटी कुठे होती, चाकांच्या तारांत चिखल कुठे अडकायचा, सगळं तिला पाठ. मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं. पण ते नेमकं शेवटच्या पायरीवर अडलं.

ड्रायव्हरची सीट कोणाच्या मापाची, असं मालकांनी विचारलं. एक ताडमाड, एक ठेंगणा. एकाला बसवली की दुसऱ्याला चालवता येणार नाही. आता जुंपणार, म्हणून फिटरकाकांनी खुंटी हातात घेऊन दोन पावलं मागे घेतली. आणि थोरला म्हणाला, त्याचं माप घ्या. धाकटा म्हणाला, छे, त्याचंच घ्या. आम्ही सगळे थक्क. मालकांच्या तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एवढा समजूतदारपणा त्या छपराखाली कधी पाहिलाच नव्हता.

पण समजूतदारपणा कसला! थोरला तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवर बसला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. धाकटा त्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला. ‘ऊठ,’ तो म्हणाला. ‘तिथे मी बसायचो.’

भावाशी थेट बोललेला तो त्याचा पहिला शब्द. मग उलगडा झाला. दोघांनाही स्टिअरिंग नकोच होतं. लहानपणी वडील एका वेळी एकालाच घेऊन जात, आळीपाळीने. गिअर टाकताना वडिलांचा हात पोराच्या गुडघ्याला लागायचा, की ते म्हणायचे, हलव तुझं ते लाकूड. थोरल्याच्या आठवणीत ते लाकूड थोरल्याचं, धाकट्याच्या आठवणीत धाकट्याचं. दोघांनाही तीच सीट हवी होती, तोच गुडघा, तोच धक्का. चालवायला मात्र कोणीतरी दुसरा.

त्यात कोणी माघार घेईना. आवाज चढले. वेल्डिंग करणारे हात थांबले. जुनं सगळं निघालं, वाटणीचं, आजारपणाचं, कोण किती वेळा भेटायला आलं त्याचं. शेवटी थोरल्याने आकड्यावरचा आपला कोट ओढून घेतला आणि म्हणाला, नकोच ती गाडी. आणि दाराकडे चालू लागला. ताई भिंतीपाशी उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला माझ्या बिनकाचेच्या चौकटीची लाज वाटली, कारण मला काही करता येत नव्हतं.

मालकांना काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची होती. त्यांनी घाईघाईने ताईलाच विचारलं, की शेजारच्या सीटवर बसल्यावर समोरची काच डोळ्यांच्या वर यायची की खाली? चौकटीची उंची ठरवायची राहिलीच आहे.

ताई म्हणाली, ‘ते मला नाही सांगता येणार. मी आत कधी बसलेच नाही.’

तिने ते रडून सांगितलं नाही, कुरकुरूनही नाही. पत्ता विचारल्यावर आपण सांगतो, तसं सांगितलं.

‘दोनच तर सीट होत्या,’ ती पुढे म्हणाली. ‘मी फाटक उघडायचे. बाबा म्हणायचे, पुढच्या वेळी तू. मग गाडी विकली.’

‘एकदाही नाही?’ धाकट्याने विचारलं.

‘एकदाही नाही रे.’

थोरला दारातच थबकला होता. तो मागे आला. कोट पुन्हा आकड्याला लावला. फिटरकाकांकडे न बघता, बोटाने माझी सीट दाखवत म्हणाला, ‘खुंटी काढा. ताईचं माप घ्या.’

ताईने नाही नाही म्हटलं. या वयात मला काय करायची, तुम्हा दोघांसाठी चाललंय, असं बरंच काही. धाकट्याने तिच्या हातातली पर्स काढून घेतली आणि तिला माझ्यात बसवलं. मित्रांनो, माझ्यावर आजवर अगणित माणसं बसली. कोणी धपकन बसतं, कोणी ऐटीत. ताई सीटच्या कडेवर बसली, परक्या घरी बसतात तशी. फिटरकाकांनी सीट पुढे घेतली, आणखी पुढे घेतली, खुंटी खाचेत घातली. ‘पाय पोचतो का?’

तिने क्लच दाबला. ‘पोचतो,’ ती म्हणाली. मग हळूहळू मागे टेकली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि बसून राहिली. कितीतरी वेळ. तिला कोणी ऊठ म्हटलं नाही. तो प्रश्न ऐकून ऐकून मी कंटाळले होते ना, त्या दिवशी मला तो पहिल्यांदा गोड वाटला.

शेजारच्या सीटवर दोघांनी आळीपाळीने बसायचं ठरलं. पहिली पाळी कोणाची, यावरून पुन्हा वाजलं, पण या खेपेला फिटरकाकांना मधे उभं राहावं लागलं नाही.

गाडी तयार व्हायला वेळ लागला. तेवढ्यात माझे दिवस फिरले. मालकांच्या मुलीने कॉम्प्युटरचा एक भलामोठा पडदा आणून भिंतीवर लावला. आता गिऱ्हाईक घरबसल्या आपल्या फोनवर बोट फिरवतं, की त्या पडद्यावर गाडी लालची निळी होते. मापंही घरूनच कळवतात. मी त्या पडद्याला नावं ठेवणार नाही. तो रंग छान दाखवतो. पण पाय पोचतो का, असं तो कोणाला विचारत नाही. मला ढकलून भिंतीशी लावलं. शेजारच्या सीटवर खोकी चढली, स्टिअरिंगवर ओली फडकी वाळत पडली. खरं सांगू? आधी वाईट वाटलं, मग वाटलं, चला, सुटले. पण हे सुटणंही दमवणारंच निघालं.

त्या भिंतीपासून मला कारखान्याचं फाटक दिसतं. म्हणून तो दिवस मी पाहिला. लाल गाडी बाहेर उभी होती, उन्हात भडक. ताई स्टिअरिंगवर बसली, आणि या वेळी कडेवर नाही. शेजारी धाकटा, गुडघा मुद्दाम गिअरकडे पसरून. पहिली पाळी त्याने पटकावली होती. गाडी सुरू झाली, फाटकापाशी गेली आणि थांबली, कारण फाटक बंद होतं. ताईने ब्रेक ओढला, दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. तिच्या लक्षातही आलं नाही. फाटक दिसलं की उतरायचं, एवढंच त्या पायाला ठाऊक होतं.

थोरला मागून पळत आला. त्या वयात, त्या लांब टांगांनी. ‘तू बस,’ तो धापा टाकत म्हणाला. ‘फाटक मी उघडतो.’

ताईने पाय आत घेतला. त्याने फाटक उघडलं, गाडी बाहेर पडली. फाटक लावून आत यावं की नाही? तो आला नाही. गाडी परत येऊन त्याची पाळी लागेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, फाटकाला हात लावून, रस्त्याकडे बघत. लहानपणी ताई किती वेळ अशी उभी राहत असेल, याचा त्याला तेव्हा अंदाज आला असावा.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. माझ्या सीटवरची ती खोकी उतरवा, फडकी दुसरीकडे वाळत घाला आणि खुंटीला थेंबभर तेल द्या. ताईनंतर ती कोणी काढलेलीच नाही, अजून तिच्याच खाचेत आहे, आणि गंज चढला तर तिथेच जखडून बसेल. ताईवर माझा जीव असला, तरी मी तिच्या एकटीसाठी नाही. कोणीतरी या आणि बसा. आणि येताना तुमच्या घरी जो नेहमी फाटक उघडतो, त्यालाही घेऊन या. त्याचा पाय कुठवर पोचतो, ते मला बघायचं आहे.