भय्याजींची रोवणी

भंडाऱ्यातल्या त्या दवाखान्याच्या आयसीयूत गुणी पेशंटची व्याख्या सोपी होती : जो बोलत नाही तो. चांगल्या नागरिकाचीही साधारण हीच आहे, पण तो विषय वेगळा.

त्या हिशेबानं आसगावचे भय्याजी पहिल्या नंबरानं पास होते. न्यूमोनियानं छाती भरून आले, व्हेंटिलेटरवर राहिले, नळी निघाली आणि तेव्हापासून त्यांचा कुणालाच त्रास नव्हता. शेजारच्या खाटेवरचे खुशालजी मात्र केव्हाच नापास. एसटीतून रिटायर झालेला हा कंडक्टर ऑपरेशननंतर आयसीयूलाच पवनीची गाडी समजत होता. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला तो तिकीट विचारी आणि मोठ्या डॉक्टरांना "दरवाज्यात उभं नाई राहाचं" म्हणून मागं सरकवी.

"याले म्हणतात डेलिरियम," इन्चार्ज गोदावरीबाई नव्या मुलींना सांगत. "आजारानं डोकं रुळावरून घसरते. हे वेड नाही, बरं होते. पण लक्ष ठेवा लागते." मग भय्याजींकडे वळून म्हणत, "अन् हा पाहा, सोन्यासारखा माणूस."

हा सोन्यासारखा माणूस आज जनरल वॉर्डात जायचा होता. खाली खाटेची वाट बघणारे होतेच. त्याची तयारी रत्नमालाकडे होती. ती वरठीची, वडील पोलादाच्या कारखान्यात. भय्याजींचे हात सकाळपासून चादरीवर चालले होते, ते तिनं पाहिलं होतं. डावी मूठ पोटावर, उजवा हात त्या मुठीतून काहीतरी काढून चादरीत खोचतो, जरा सरकतो, पुन्हा खोचतो. शेतकरी माणूस, भात लावतोय, हाताला सवय असते, असं तिनं ठरवून टाकलं. तिचे वडीलही झोपेत नट आवळत. डेलिरियमची तपासणी दर पाळीला करायची असते, पण हाक मारली की डोळे उघडून मान हलवणाऱ्या माणसाची काय तपासायची?

भेटीच्या वेळी भय्याजींची बायको रुखमाबाई आली. रत्नमालाचं गाव तिनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

"आजी, आबाजीले आज वॉर्डात नेऊन राहिलो. एकदम शांत आहेत."

"कोन शांत?"

"आबाजी."

"हा? सोताच्या लगनात भटजीशी भांडला हा मानूस." रुखमाबाई खाटेजवळ गेली. हातांकडे पाहून थबकली. "हे काय करून राहिला?"

"रोवणी, आजी. सवय असते ना हाताले."

"पोरी, तुमच्या वरठीले रोवणी मानसं करतात काय?"

रत्नमालानं पुन्हा त्या हातांकडे पाहिलं. चिखल करायचा पुरुषांनी, पऱ्हे म्हणजे रोपं उपटून त्यांच्या जुड्या बांधीत, भाताच्या खाचरात, टाकायच्या त्यांनीच. पण वाकून रोप लावतात बाया. वरठीच्या रस्त्यावरून लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, आणि इथं डोळ्यांसमोर उलटी चालली होती तरी दिसली नव्हती.

"यानं बांधावर उभं राहून बोंबलाचं काम केलं जन्मभर," रुखमाबाई म्हणाली. "रोवणीले कधी हात नाई लावला. हा हात त्याचा नोहेच. हा माहा आहे."

तिनं आपला उजवा हात त्यांच्या हाताशेजारी धरला. विळा लागून तिचं पहिलं बोट कधीचं ताठ झालं होतं, म्हणून ती रोप अंगठा आणि मधल्या बोटानं खोचायची. भय्याजींचं पहिलं बोट धडधाकट होतं. तरी ते ताठ, बाजूला धरलेलं होतं, आणि अंगठा नि मधलं बोट चादरीत रोप लावत होतं. बायकोसारखं. हुबेहूब.

रत्नमालानं एकदा तिचा हात पाहिला, एकदा त्यांचा. मग ती सिस्टर झाली.

"आबाजी, मी अक्षरं म्हणते. 'क' आला की माझा हात दाबा." सगळी अक्षरं येऊन गेली, हात दाबला गेला नाही. "दगड पाण्यावर तरंगते काय?" भय्याजींनी मान डोलावली. "एक किलो दोन किलोहून जड असते?" तेही कबूल. सगळ्यालाच होकार. दवाखान्याला असा माणूस गुणी वाटला, यात नवल नव्हतं.

"पण हा ओरडत कुठं आहे?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"न ओरडणाराही घसरते, मॅडम. तो फक्त आपल्याले दिसत नाही."

गोदावरीबाईंनी स्वतः हात धरून अक्षरं म्हटली. 'क' येऊन गेला, हात तसाच. स्ट्रेचर परत पाठवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. छाती एका बाजूनं पुन्हा भरू लागली होती. वॉर्डात गेले असते तर भय्याजी कुणाला त्रास न देता, गुणीपणानंच गेले असते.

औषध बदललं, झोपेचं बंद झालं. खाट खिडकीकडे वळली, चष्मा नाकावर आला, आणि नियम बाजूला ठेवून रुखमाबाईला स्टूल मिळालं.

पवनीच्या गाडीतून खुशालजी आधी उतरले. आपण कुणाला तिकीट मागितलं हे त्यांनी साफ नाकारलं. मग एका सकाळी भय्याजी म्हणाले, "हा चहा आहे का भांडं धुतलेलं पानी?" आणि आयसीयूत पेढे वाटावेत असा आनंद झाला.

"आबाजी, दगड तरंगते काय?" रत्नमालानं विचारलं.

"तुह्या वरठीले तरंगत असन."

तिला राहवलं नाही. तिनं कापूस गुंडाळलेल्या काड्यांची जुडी त्यांच्या डाव्या मुठीत दिली. "रोवून दाखवा."

भय्याजींनी जुडी उलटीसुलटी केली. दोन काड्या खाली पडल्या, तिसरी चादरीत आडवी झाली. सगळी बोटं एकदमच वाकत होती. "हे बाईचं काम. मले कायले येईन?"

खोटं बोलत नव्हते. खरंच येत नव्हतं. इतकी वर्षं ते बोट कुठं ठेवलं होतं, आणि आता कुठं गेलं, याची तपासणी अजून निघालेली नाही.

रुखमाबाईनं काड्या गोळा केल्या. ताठ बोट बाजूला धरून चादरीवर एकेक मांडू लागली. भय्याजी चष्म्यातून बघत होते, बांधावरून बघावं तसे.

"ओळ वाकडी जाऊन राहिली," ते म्हणाले.