डावं-उजवं

वाटणीत नंदकिशोरच्या हिश्श्याला पिकअप आली. दापोलीकडची आंब्याची कलमं आणि घर मधुकरदादांकडे राहिलं, आणि दादांची खडीच्या कामावर चालणारी गाडी धाकट्या भावाला मिळाली. सह्या पनवेलला दादांच्याच घरी झाल्या. तुर्भ्याचा कारखाना बंद पडल्यापासून नंदकिशोर वाशीच्या फ्लॅटमध्ये बसून होता. कलमं वर्षाकाठी पैसे देणार, गाडी रोज देईल, असा त्याचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

सह्यांच्या आदल्या दिवशी सुनीतीने विचारलं होतं, "गाडी एकदा एखाद्या मिस्त्रीला दाखवू या का?"

"दादांच्या दारात उभं राहून दादांचीच गाडी तपासायची?" नंदकिशोर म्हणाला. "मग सह्या तरी कशाला करायच्या, सरळ कोर्टात जाऊ."

सुनीती शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. मापून घेण्यात अपमान कसला हे तिला कळत नव्हतं, पण सासरी तो असतो हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गाडी दादांनी उंच करून घेतलेली होती. खाणीच्या वाटेवर दगड पोटाला लागू नयेत म्हणून चारही चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटे घातले होते, खाली लोखंडी ठोकळे बसवले होते. चढताना सुनीतीला दार धरून अंग वर ओढावं लागे. आणि गाडी डावीकडे कललेली होती. साध्या गाडीत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, उंच गाडीत ते गल्लीच्या टोकावरून दिसे. सोसायटीच्या वॉचमनने पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, डाव्या बाजूला कुणाला बसवलंय?"

नंदकिशोर हसला होता. पुढे काचेचं काम निघालं आणि हसणं थांबलं.

गोटीराम कोपरखैरण्याचा. त्याची शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती आणि त्याने काचेचं दुकान टाकलं होतं. वाशी, नेरूळ, जिकडे पाहावं तिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला खिडक्या होत्या. त्याला कायमची गाडी हवी होती. त्याने पिकअपच्या मागे उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं.

"काच उभीच जाते," तो म्हणाला. "मधे लाकडी घोडी, दोनी अंगांना काच रेललेली. गाडी अशी कलली तर उजवीकडची काच घोडीवर निजंल आन डावीकडची सुटून दोरीवर येल. पयल्या खड्ड्यात खिडकीचा चुरा. सरल करून आन. काम तुझंच हाय, दुसऱ्या कोनाला देत नाय."

नंदकिशोरने तुर्भे नाक्यावरच्या युसुफ मिस्त्रीकडे गाडी नेली. युसुफने डाव्या मागच्या पाट्यांत आणखी एक पाटा घातला. गाडी सरळ झाली. नंदकिशोर पेढे घेऊन घरी आला. मग सिमेंटच्या काही खेपा झाल्या आणि गाडी हळूहळू पुन्हा डावीकडे बसली.

"पाटा मऊ निघाला," नंदकिशोर म्हणाला. "युसुफला सांगून दुसरा घालतो."

"तोही बसेल," सुनीती म्हणाली. "पाट्यातच दोष आहे हे कशावरून?"

"मग कशात आहे?"

"तेच आधी पाहायला हवं."

रविवारी ती त्याच्याबरोबर गॅरेजवर गेली. युसुफने तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं, पण ती बसली नाही.

"जादा घातलेला पाटा काढा," तिने सांगितलं. "मग डाव्या बाजूचे सगळे पाटे उजवीकडे लावा आणि उजवीकडचे डावीकडे. दुसरं काही बदलू नका. पाटे नरम असतील तर गाडी आता उजवीकडे बसेल."

"आनि नाय बसली तर?" युसुफने विचारलं.

"तर पाटे चांगले आहेत."

"मॅडम, आमी पन असंच करतो. फक्त गिऱ्हाईक बोलल्याशिवाय नाय करत. मेहनतीचं काम आहे, आनि शेवटी जे दिसतं ते लोकांना आवडत नाय." त्याने नंदकिशोरकडे पाहिलं. "काय शेठ, करू?"

"कर," नंदकिशोर म्हणाला. "बाईसाहेबांची परीक्षा आहे, आपण काय, नापासच."

दुपार त्यात गेली. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट गंजले होते, ते निघेनात, रॉकेल ओतून थांबावं लागलं. शेवटी गाडी जॅकवरून सपाट कोब्यावर उतरवली. सुनीतीने दोन्ही बाजूंना जमिनीपासून हौद्याच्या कडेपर्यंत टेप लावला. चार बोटांचा फरक होता. डावी बाजूच खाली होती.

युसुफ कंदिलासारखा तारेचा दिवा घेऊन गाडीखाली सरकला. पत्र्याच्या तुकड्याने खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग त्याने नंदकिशोरला खाली बोलावलं. सुनीती वाकून पाहत होती. चासीचा डावा लांब गज मागच्या चाकाच्या जरा पुढे वाकलेला होता. तिथे वेल्डिंग करून वरून जाड पट्टी मारली होती आणि त्यावर काळा रंग. बाकी चासीवर वर्षानुवर्षांची माती आणि ग्रीस होतं, रंग तेवढ्याच हातभर जागेवर होता. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी बारीक भेग गेली होती.

"खाणीत पलटी झाली असनार," युसुफ म्हणाला. "वजन पडलं की भेग उघडते, गाडी बसते. याला पाटा काय करनार? चासी बदलायला लागंल, म्हनजे अर्धी गाडी नवी."

"रंग जुना आहे का?" सुनीतीने विचारलं.

युसुफने नख लावलं. "नाय. घरातली गाडी आहे ना? मग घरात विचारा मॅडम, मला कशाला."

नंदकिशोर बराच वेळ खालीच पडून राहिला. वर आला तेव्हा पाठीला ग्रीस लागलं होतं. ते त्याने पुसू दिलं नाही.

पनवेलला जाऊन विचारण्याचं त्याने टाळलं. एका रविवारी दादा स्वतःच आले. चहा झाला. दादांनी गॅलरीतून खाली उभ्या गाडीकडे पाहिलं.

"काय नंदू, गाडी काय म्हणते?"

"छान आहे," नंदकिशोर म्हणाला. "पाटा जरा बसलाय."

"बसायचाच. गाडी आहे, सोनाराचा काटा नाही."

सुनीती कपबशा उचलत होती. ती थांबली. "दादा, चासीला वेल्डिंग आहे. वर नवा रंग मारलाय."

नंदकिशोरने मान खाली घातली. दादांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"असेल," ते म्हणाले. "खाणीतली गाडी ती, फुलांची परडी थोडीच? एकदा कलंडली होती. नंदूने विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुम्हाला काय विचारायचं, दादा," नंदकिशोर पुटपुटला.

"तेच म्हणतो मी. तेव्हा विचारलं नाहीस, विश्वास होता म्हणून. मग आता हे काय चाललंय?" ते सुनीतीकडे वळले. "तुझ्या प्रयोगशाळेत दीरसुद्धा तपासतात वाटतं."

सुनीतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला. मोठ्याने नाही, पण दादांना साथ द्यावी म्हणून हसला. जाताना तो त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला आणि त्यांची पिशवीही त्यानेच धरली.

त्या आठवड्यात त्याने युसुफकडून डाव्या बाजूला एक जाड ठोकळा घालून घेतला. मोकळी गाडी आता सरळ दिसत होती. भेग गेलेला गज तसाच होता.

"यावर काच भरणार?" सुनीतीने विचारलं.

"सावकाश चालवीन."

"सावकाश चालवल्याने वजन कमी होत नाही. बरोबर माणसं असतात, काच धरून उभी."

"माझ्या वाट्याला हेच आलंय, सुनीती. हे चाललं नाही तर मला काहीच मिळालं नाही, असं होईल. तुला तेच हवंय का?"

गोटीराम गाडी बघायला सोसायटीत आला तेव्हा ती शाळेतून परतत होती. त्याने मागे उभं राहून डोळा मिटला, मग पुढे जाऊन मिटला.

"सरल झाली," तो खूष होऊन म्हणाला. "उद्यापासून भरू. माजा भाचा भगवान संगती येल, काच धरायला." मग सुनीती दिसली. "ताई, तुमी शिकवता ते ह्योच ना, वजनाबिजनाचं? बगा बरं. भरू ना?"

त्याने सहज विचारलं होतं. नंदकिशोर तिच्याकडे पाहत होता. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंतीच होती, आणि ती तिला धमकीपेक्षा जड गेली.

"चासी मोडलेली आहे," ती म्हणाली. "ठोकळा घालून सरळ केलीय. काच भरू नका."

गोटीरामने नंदकिशोरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहून पुढे काही विचारायची गरज उरली नाही. "बरं झालं सांगितलंत," एवढंच तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

घरात आल्यावर नंदकिशोर बूट न काढताच बसला.

"दादांनी मला फसवलं ते घरातल्या घरात राहिलं असतं," तो म्हणाला. "तू मला बाहेर उघडं पाडलंस."

"भगवान काचेखाली आला असता तर?"

"आला नव्हता."

चूक दाखवता येते, पण जे घडलं नाही ते दाखवता येत नाही.

पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. भाजी काय आणू, लाइट कधी गेली, इतकंच. पनवेलला मात्र जाऊ लागला. दादांचं तिथे बंगल्याचं बांधकाम निघालं होतं. विटा आणि रेती वाहायला गाडी लागणार होती आणि भाड्याच्या गाडीवाल्यांनी दादांना म्हणे फार छळलं होतं. घरची गाडी असताना बाहेर कशाला जायचं, असं ते म्हणाले होते. हे सांगताना नंदकिशोरचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

तो निघाला त्या सकाळी सुनीती खाली आली. गाडीच्या डाव्या बाजूला वाकून तिने पट्टी पाहिली. भेग आता पट्टीच्या पलीकडे दिसत होती.

"विटा अर्ध्याच भरा," ती म्हणाली. "निदान एवढं तरी ऐका."

नंदकिशोरने दार ओढून घेतलं आणि काच खाली केली.

"किती भरायच्या ते दादा सांगतील," तो म्हणाला.