कोहळ्यातला प्राण

वडगावातल्या विणकरांच्या मागांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. संकेश्वरचे नाडीअण्णा मेलेल्या हातात प्राण आणतात, असा बोलबाला झाला होता. मी तिथे का गेलो? सरळ सांगतो, मत्सरानं. चार घरं सोडून माझं फिजिओथेरपीचं केंद्र ओस पडलं होतं आणि माझी रुग्ण सत्यवतीआक्का इथे पहिल्या रांगेत बसली होती.

लकव्यानं तिचा उजवा हात लुळा पडला होता. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई ती. तो हात पुन्हा चालावा एवढंच तिला हवं होतं. मी दिलेला मूठ मिटायचा व्यायाम अण्णांनी बंद करायला लावला. व्यायामानं म्हणे प्राण गळतो!

अण्णांकडे स्नायूंतली वीज टिपणारं यंत्र होतं. कॉलेजात हाताळल्यापासून मला ते हवं होतं. तेही याच्याकडेच! त्यांनी आक्काच्या हाताला यंत्राला जोडलेल्या तीन चकत्या चिकटवल्या, तिसरीवर अंगठा ठेवून मंत्र पुटपुटला. पडद्यावरची सपाट रेघ एकदम थरथरू लागली.

"बघा रं! ह्यो प्राणाचा धागा! कुठं तुटलाय?"

"न्हाय तुटला!" विणकरांनी हात जोडले. धागा अखंड म्हणजे सगळं ठीक, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आक्का आनंदानं रडू लागली. माझ्याकडे ती कधी साधी हसलीही नव्हती. माझा जळफळाट झाला.

अमावास्येला मागांपुढे फोडायचा कोहळा कोपऱ्यात होता. मी तो उचलून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, पोटात दुखतंय व्हय?" अण्णा हसले.

"लई दुखतंय," मी म्हणालो आणि कोहळ्याला तीन चकत्या लावल्या. रेघ सपाट. मग तिसरी चकती, अण्णा मंत्र म्हणताना अंगठ्यानं उचलायचे तशीच, हळूच उचलली. रेघ थरथरली, अगदी अखंड.

"आयला, कोहळ्यात बी प्राण!" रवळू विणकर ओरडला. शेड हसली.

"मंत्र सांडला त्याच्यात," अण्णा पुटपुटले.

"ही चकती सुटली की भोवतालच्या तारांतली वीज यंत्रात शिरते," मी सांगितलं. "तीच अण्णा तुम्हाला दाखवत होते."

"म्हंजे माझा हात मेलाच की," आक्का म्हणाली. जिंकल्याचा आनंद विसरून मी यंत्राकडे वळलो.

तारांची वीज गाळणारी कळ अण्णांनी बंद ठेवली होती. ती मी चालू केली, चकत्या आक्काच्या हातावर घट्ट बसवल्या. "मूठ मिटा."

सपाट. "परत मिटा, आक्का."

बोटं हलली नाहीत, पण रेघेवर बारीकसा झुबका उठला. तिनं जोर सोडला, तो विरला. पुन्हा जोर, पुन्हा झुबका.

"पर हे तुटक हाय की," ती कुरकुरली.

"तुम्ही जोर लावता तेव्हा उठतं, सोडता तेव्हा थांबतं. तुटक आहे म्हणूनच ते तुमचं आहे. मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर आधी तो कोहळ्यावर करायला सांगा. मग हात जोडायचे की नाही ते ठरवा."

अण्णा यंत्र गुंडाळायला आले. आक्कानं हात मागे घेतला नाही. दात आवळून ती पडद्याकडे बघत होती. झुबका उठत होता.

"थांबा वो जरा," ती त्यांना म्हणाली. "डॉक्टर, सकाळी दार लवकर उघडा."