ताईच्या लेनचा हिरवा दिवा

मी एक जुना दिव्यांचा खांब आहे. मित्रांनो, रस्त्यावरचा सिग्नल समजून माझ्यापुढे हॉर्न वाजवू नका. मी ड्रॅग रेसचा खांब आहे. सरळसोट धावपट्टी, दोन लेनमध्ये दोन गाड्या आणि मध्ये मी. हिरवा दिवा लागण्याआधी कोणी निघालं, तर मी लाल होतो आणि ती गाडी बाद होते. माझ्या काचा अजून धड आहेत, पण आतून मी कधीच मोडलो आहे.

एका वायरमनने पाण्याच्या जुन्या पाइपला ट्रॅक्टरचे दिवे जोडून मला घडवलं. डाव्या लेनसाठी एक रांग, उजव्या लेनसाठी दुसरी. बंद पडलेल्या विमानतळावर मला उभं केलं, तेव्हा मी चांगलाच मिरवलो. पुढे कळलं, की जिंकणारा स्वतःच्या गाडीची पाठ थोपटतो आणि बाद झालेला मला शिव्या घालतो. नाचता येईना, अंगण वाकडं!

नवशिक्यांच्या चुका मला तोंडपाठ आहेत. कोणी हेल्मेटचा पट्टा लावायला विसरतो, कोणी सीटखाली पाना तसाच ठेवतो, कोणी मधली रेघ ओलांडतो. सगळ्यांत वाईट खोड म्हणजे शेजारच्या गाडीकडे बघणं. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून आमच्याकडे संथ गाडीला हिरवा दिवा आधी मिळतो, वेगवान गाडीला थोडा नंतर. शेजारची निघाली म्हणून तुम्ही निघालात, की खेळ खलास.

ही चूक धाकटीइतकी कोणीच केली नाही.

त्या दोघी बहिणी. थोरली रेडिएटर दुरुस्त करायची. आई गेल्यावर तिनेच धाकटीला वाढवलं, शिकवलं, हातात पानेही तिनेच दिले. थोरलीची गाडी म्हातारी, म्हणून डावी लेन आणि आधीचा दिवा तिचा. धाकटीची गाडी भन्नाट. पण ताई हलली, की धाकटीचा पाय सुटायचाच. लहानपणापासून ताईच्या मागे चाललेली पोर ती. तिच्या पायाला दुसरं काय ठाऊक असणार?

"अगं, माझ्याकडे काय बघतेस? मी काय पळून चाललेय?" ताई खिडकीतून ओरडायची.

"पायच ऐकत नाही गं!"

"मी निघाले तरी तू थांबायचंस. तुझा दिवा लागेपर्यंत. एकदा तरी मला हरवून दाखव ना, बये!"

ताईची तेवढीच इच्छा होती. मग ती आजारी पडली. शेवटच्या शर्यतीला आली, तेव्हा हेल्मेट डोक्याला सैल झालं होतं. आत टोपी घालून तिने ते घट्ट बसवलं. माझी डावी रांग हिरवी झाली, ताई निघाली आणि तिच्यासोबत धाकटीही. मी लाल झालो. माझा जीव तीळ तीळ तुटला, मित्रांनो, पण खांबाला खोटं बोलता येत नाही. ताई जिंकली आणि गाडीतून उतरली ती रडतच.

पुढच्या मोसमात धाकटी एकटीच आली. पंचांना म्हणाली, "काका, डावी लेन रिकामी ठेवा. पण दिवे लावा तिचे. नेहमीसारखे, आधी तिचे."

हे नियमात बसत नाही, असं पुटपुटत पंचकाकांनी डाव्या रांगेचीही कळ दाबली.

रिकाम्या लेनसाठी मी आधी तयारीचा पिवळा झालो, मग हिरवा. तिथून कोणीच निघालं नाही. धाकटीची गाडी गुरगुरत जागीच उभी राहिली. तिने मान वळवली नाही. मग तिचा पिवळा लागला, तिचा हिरवा लागला आणि ती सुटली. अगदी बिनचूक!

परत येताना ती माझ्यापाशी थांबली. काच खाली करून रिकाम्या लेनकडे बघत म्हणाली, "ताई, थांबले बघ मी."



आता नवा खांब आला आहे आणि मी शेडमध्ये धूळ खात पडलो आहे. धाकटी अधूनमधून येते, ओढणीने डावीकडचा हिरवा दिवा पुसते आणि जाते. बाकीचे दिवे तसेच राहतात. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, गाडी पळवायची तर अशा मैदानातच पळवा. पट्टे बांधा. दिवे लागू लागले, की शेजारी बघू नका. पण ते लागण्याआधी थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात बाजूच्या लेनमध्ये कोण आहे, ते डोळे भरून बघून घ्या.