बारा वर्षं तिच्या डाव्या डोळ्यात

मी तिच्या डाव्या डोळ्यातली लेन्स बोलतेय. शर्टाच्या बटणाहून लहान आहे मी. बुबुळाला दोन्हीकडून चिमटा घेऊन बारा वर्षं इथे बसलेय. आता माझ्याकडे फार वेळ नाही, म्हणून भराभरा सांगते.

ती सुताराची लेक आणि स्वतःही सुतार. पूर्वी तिला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. रंधा मारताना घामाने तो नाकावरून घसरायचा. चष्मा जावा म्हणून ऑपरेशन करून मला डाव्या आणि माझ्या बहिणीला उजव्या डोळ्यात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघताच ती ओरडली, "अगंबाई! बाबा, तुमची मिशी किती पिकलीय हो!" खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी भलतीच फुशारले.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दरवर्षी यायचं. कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजायच्या. त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि डोळा अजिबात चोळायचा नाही!"

दोन वर्षं ती गेली. मग म्हणू लागली, "लख्ख दिसतंय की! उगाच कशाला खेटे घालायचे?"

तो कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, माझ्यासमोर जेमतेम सूतभर अंतरावर. त्या पेशी आतून पाणी उपसत राहतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. भुसा उडाला की ही बाई डाव्या मनगटाने डावा डोळा खसाखसा चोळायची, कारण उजव्या हातात हत्यार. दर वेळी मी पुढे ढकलली जायचे आणि शेजारणींना घासायचे. एक गेली, दहा गेल्या, शंभर गेल्या. ओरडायला मला तोंड नाही.

तिला कळलंही नाही. फळीची धार सरळ आहे का बघताना सुतार एक डोळा मिटतो. ती नेहमी डावाच मिटायची. उजव्यातली माझी बहीण ठणठणीत, त्यामुळे काम कधी अडलं नाही. सकाळी जरा धूसर दिसायचं, पण दुपारपर्यंत निवळायचं. ती म्हणायची, झोप झाली नसेल.

परवा सकाळी उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. तिने तो तळहाताने झाकला आणि जागच्या जागी थिजली.

"बाबा, धूर झालाय का हो?"

"कुठाय धूर? खिडक्या सताड उघड्या आहेत."

"मग मला तुमचं तोंड का दिसत नाही?"

म्हाताऱ्याच्या हातातली पटाशी खाली पडली.

दवाखान्यात मोजणी झाली. चौरस मिलिमीटरमागे सव्वीसशे पेशींच्या जागी सातशेसुद्धा भरेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेन्स काढायची, याच आठवड्यात. थांबलात तर दुसऱ्या कुणाचा कॉर्निया बसवावा लागेल."

"दोन महिने नाही का चालणार? शाळेचे बाक द्यायचेत."

"बाक गेले चुलीत!" बाप कडाडला. "डोळा काय लाकडाचा करून देऊ तुला?" आणि मग तोच हुंदके देऊ लागला. तेव्हा कुठे तिने मान हलवली.

आज ती टेबलावर आहे. भुलीच्या थेंबांनी डोळा बधिर, पण छातीत धडधड चाललीय, ती मला इथवर जाणवते. वरून प्रखर उजेड. चिमटा आत आला, बुबुळाला धरलेला माझा एक पाय सुटलाय. तिला सोडून जायचं दुःख आहे, पण भीती त्याहून मोठी आहे. डॉक्टरीणबाई, हात स्थिर ठेवा हो. थोड्याच पेशी उरल्यात बिचाऱ्या. निघताना तरी त्यांना माझा धक्का लागू देऊ नका.